उभी नदी

आमच्या सोसायटीत पंपरूम आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मधोमध 12 फूट रुंद आणि 30 फूट लांब असा जमिनीचा एक तुकडा आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचं नाव 'लँडस्केप गार्डन' होतं. प्रत्यक्षात तिथे शेंडा खुडलेला एक अशोक, सोडून गेलेल्या भाडेकरूंनी मागे ठेवलेल्या सात कुंड्या आणि चार घरांच्या बाथरूम-दुरुस्तीतून साठलेला राडारोडा एवढंच होतं. 11 वर्षं त्या जागेनं कुणाला त्रास दिला नाही आणि तिलाही कुणी दिला नाही. मग एके दिवशी नोटीस बोर्डावर एका संस्थेचं पत्रक लागलं: सोसायट्यांसाठी उद्यान स्पर्धा.

विभाग अ, हिरवळ. विभाग ब, कुंड्या. विभाग क, 'फुलांच्या सौंदर्यावर आधारित प्रायोगिक उद्यानरचना'. अ विभागाला हिरवळ असावी लागते. ब विभागाला कुंड्यांतली झाडं जिवंत असावी लागतात. क विभागाला काय असावं लागतं ते पत्रकात कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून आमच्या कमिटीनं एकमतानं क विभाग निवडला. मराठी माणसाला 'प्रायोगिक' या शब्दाची भीती वाटत नाही. छबिलदासच्या दिवसांपासून आपल्याला ठाऊक आहे की प्रायोगिक म्हणजे प्रकाश कमी, पात्रं तीन, आणि नाटक संपलं हे शेजारचा उठला की कळतं. समजलं नाही तर दोष बघणाऱ्याचा. हीच सवलत बागेलाही मिळते म्हटल्यावर ती कोण सोडेल?

मी कमिटीत नाही. पण 'तुम्ही लिहिता ना' असं म्हणून माहितीफलकाचं काम माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर प्रत्येक मीटिंगला बसणंही. सोसायटीत लिहिणाऱ्याचं स्थान प्लंबरच्या जरा खाली असतं. बोलावतात दोघांनाही ऐनवेळी, पण प्लंबरला पैसे देतात.

पहिल्या मीटिंगला जो तो आपापली प्रेरणा घेऊन आला. चेअरमनसाहेबांनी बंगळूरच्या लालबागेतलं पुष्पप्रदर्शन पाहिलं होतं. तिथे काचघरात प्रसिद्ध इमारतींच्या फुलांच्या प्रतिकृती करतात. साहेबांना पंपरूमला टेकून झेंडूचा शनिवारवाडा हवा होता. "नुसत्या दिल्ली दरवाज्याला किती किलो?" खजिनदारांनी विचारलं आणि शनिवारवाडा पुन्हा एकदा जळाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू इकेबाना शिकलेल्या. त्यांनी सोगेत्सु पंथाची माहिती दिली: शिन, सोए, हिकाए अशा तीन मुख्य काड्या, आणि बाकीची रिकामी जागा हाही रचनेचाच भाग. खजिनदारांनी आयुष्यात प्रथमच कलेकडे मायेनं पाहिलं.

"म्हणजे तीन काड्यांत काम होतं?"

"काड्या किती याला महत्त्व नाही. भाव महत्त्वाचा," काकू म्हणाल्या.

"मग मी भावच तर विचारतोय," खजिनदार म्हणाले.

सेक्रेटरींची मुलगी हॉलंडात असते. तिनं क्योकेनहॉफच्या बागेचा व्हिडिओ पाठवला होता. 32 हेक्टर जागा आणि दर वर्षी लावलेले 70 लाख कंद. खजिनदारांनी तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला: चौरस फुटाला सरासरी दोन, म्हणजे आपल्या 360 चौरस फुटांना 730 कंद. आकडा ऐकून सगळ्यांना हुरूप आला. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, एवढाच काय तो अडथळा होता. त्यावर प्रत्येक फ्लॅटनं आपल्या फ्रिजचा भाजीचा कप्पा दोन महिने सोसायटीला द्यावा, असा ठराव मांडला गेला. बायकांनी तो दारातूनच परतवला.

सिमेंटच्या सशाचा विषयही त्याच दिवशी निघाला. तो चेअरमनसाहेबांच्या गॅलरीत अनेक वर्षं एका कानावर उभा होता आणि त्यांना तो या बागेत हलवायचा होता. मी लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोचा दाखला दिला. 1913 साली सुरू झालेल्या या प्रदर्शनात बागेत मांडायच्या रंगीत बुटक्यांच्या पुतळ्यांना बंदी होती, शंभरी भरली म्हणून 2013 साली तेवढ्यापुरती ती उठवली. "बघा," साहेब म्हणाले, "शेवटी त्यांनाही पटलं." ससा आला.

एवढं होईपर्यंत बी विंगमधली डिझायनर गप्प बसली होती. ही मुलगी लोकांच्या घरांच्या आतल्या भिंती पाडते आणि त्याचे पैसे घेते, त्यामुळे तिच्या मताला वजन आहे. ती म्हणाली की प्रेरणा उसनी नको, मातीतली हवी. आणि तिनं टेबलावर कासच्या पठाराचा फोटो ठेवला. सगळे चूप झाले. पिवळा, जांभळा, पांढरा आणि मधूनच एखादी निळी झाक, अशी क्षितिजापर्यंत अंथरलेली फुलं. "हे कुणी डिझाइन केलंय?" चेअरमनसाहेबांनी हळूच विचारलं. प्रश्न बावळट वाटतो, पण पुढच्या वर्षभरात याहून चांगला प्रश्न कमिटीत कुणी विचारला नाही.

मग अर्थातच अभ्यासदौरा निघाला. कास साताऱ्यापासून 25 किलोमीटरवर आहे. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे पठारही आलं. आता फुलांच्या हंगामात तिथे जायला आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, कारण दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आहे. आमचे सतरा जण त्या 3000 मध्ये बसले. वाटेत दोनदा कणसं, एकदा भजी, आणि पठारावर पोचल्यावर ढग. फुलं गुडघ्याच्याही खाली असतात, त्यामुळे ती पाहायला वाकावं लागतं आणि आमच्या कमिटीचं सरासरी वय पाहता ज्यांनी वाकून पाहिलं त्यांना उठवायला दुसरे लागले.

मला खरा हेवा वाटला तो नावांचा. सोनकी, तेरडा, गेंद, कवला, दीपकाडी, आभाळी, नभाळी, कंदीलपुष्प, वायतुरा. ही नावं कुणी मीटिंग घेऊन ठेवलेली नाहीत हे ऐकताक्षणी कळतं. आमच्या तीनशेसाठ चौरस फुटांना नाव ठेवायला तीन मीटिंगा लागल्या आणि निघालं काय, तर 'पुष्पसंवाद: एक अनुभूती'. यातला संवाद कुणाचा आणि अनुभूती कुणाला, हे फलकात लिहायचं काम माझ्यावर होतं.

पठारावर माहिती सांगणाऱ्या एका तरुणानं सीतेची आसवं दाखवली. चिमुकलं, निळंजांभळं, नावाप्रमाणेच डोळ्यांत टचकन पाणी आणणारं फूल. काकूंच्या डोळ्यांत खरंच आलं. मग तो म्हणाला, "ही किडे खाते." मातीत कस नाही म्हणून या झाडानं मांसाहार धरला आहे. चिखलातल्या तंतूंना बारीक बारीक फुगे असतात, पाण्यातला जीव जवळ आला की फुगा त्याला आत ओढून घेतो. काकू दोन पावलं मागे सरकल्या. चातुर्मास चालू होता.

पुढे टोपली कारवीची जाळी लागली, नुसती हिरवी. ही दर 7 वर्षांनी एकदा फुलते. चेअरमनसाहेब तिच्यापुढे बराच वेळ उभे होते. सोसायटीच्या कमिटीची मुदत 5 वर्षांची असते. म्हणजे जी कमिटी कारवी लावील तिला फूल दिसणार नाही आणि जिला फूल दिसेल ती म्हणेल, हे आमच्यामुळे. "नको," ते म्हणाले, "हंगामीच लावू."

परत आल्यावर आमच्या माळीकाकांना फोटो दाखवले. काका मूळचे त्याच बाजूचे, जावळी तालुक्यातले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांपाशी नेला.

"ह्ये बघाय पैसं दिलं?"

"हो. माणशी."

"आमी हितं म्हसरं चारायचो," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांनी पुस्ती जोडली, "म्हसरांकडनं कोन पैसं घेत नव्हतं."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते कमिटीनं ऐकलं असतं तर पुढचा निम्मा खर्च वाचला असता. कासला माती नाही म्हणून ती फुलं आहेत, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं आहे. पठार म्हणजे जांभ्याचा कातळ, वर जिथे असेल तिथे बोटभर माती. मोठ्या झाडाला पाय रोवता येत नाहीत आणि दांडग्या गवताला माजायला काही मिळत नाही, म्हणून त्या किरकोळ जिवांचं फावतं. पावसाच्या चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि चालू लागायचं. गरिबीचं ते सौंदर्य आहे. पण गरिबी उभी करायला केवढा खर्च येतो! जांभ्याचे 40 चिरे टेंपोनं आणले. चिरे आल्यावर कमिटीला वाटलं, नुसता दगड कसा दिसेल, म्हणून त्यावर एक ट्रक लाल माती टाकली. माती आल्यावर वाटलं, नुसती माती काय कामाची, म्हणून वीस पोती शेणखत. शेणखतावर कुणीतरी गांडूळखताचा आहेर केला. अशा रीतीनं आम्ही पुण्यातलं सर्वांत श्रीमंत कास पठार तयार केलं.

कासवरून रोप तर सोडाच, फूलही आणता येत नाही, आणणं बरोबरही नाही. म्हणून डिझायनरनं नर्सरीतून बदली पात्रं घ्यायचं ठरवलं. सोनकीच्या जागी पिवळा कॉसमॉस, गेंदाच्या जागी पांढरं बटणफूल, तेरड्याच्या जागी तेरडाच, पण नर्सरीतला, दुहेरी पाकळ्यांचा, लग्नाला निघाल्यासारखा. यावर सेक्रेटरी उसळले. सगळी फुलं अस्सल देशी पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. मग मला तोंड उघडावं लागलं. कॉसमॉस मेक्सिकोचा. झिनिया आणि डेलिया मेक्सिकोचे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच, आणि सत्यनारायणाच्या चौरंगावरचा निशिगंधसुद्धा. देवळासमोरचा पांढरा चाफा अमेरिकेतून आला. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे. सेक्रेटरींचा चेहरा उतरत गेला.

"गाजरगवत तरी आपलं ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तेही अमेरिकेचं."

तेरडा मात्र आपला, असं सांगून मी त्यांना सावरलं. पण तेरड्याचं नाव निघताच चेअरमनसाहेबांना 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आठवली आणि परीक्षक चौथ्या दिवशी आले तर काय, या चिंतेत दोन मीटिंगा गेल्या. माळीकाकांनी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा बी टाकायचं कबूल केलं तेव्हा म्हणीवर मात झाली.

निळ्याचा प्रश्न उरला. डिझायनरच्या चित्रात मधोमध एक नदी होती, वळत वळत पंपरूमकडून ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी, निळ्याशार फुलांची. सगळ्या रचनेचा जीव त्या नदीत. पण फुलांच्या राज्यात निळा रंग दुर्मीळ. नर्सरीत निळं मागितलं की जांभळं दाखवतात आणि आपण 'हे जांभळं आहे' म्हटलं की साडीच्या दुकानातल्या माणसासारखं 'उजेडात न्या, निळंच दिसेल' म्हणतात. शेवटी गोकर्णावर शिक्कामोर्तब झालं. खरं निळं, स्वस्त, दणकट, आणि शेंगवर्गातलं असल्यानं मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन त्याला मिळवून देतात. फलकासाठी म्हणून लिनियसनं या वेलीला दिलेलं शास्त्रीय नाव मी मीटिंगमध्ये वाचून दाखवायला उठलो, पहिल्या शब्दापर्यंत आलो आणि बसलो. "पुढे?" काकूंनी विचारलं. "पुढे काही नाही," मी म्हणालो.

गोकर्णाच्या फुलाची एक गंमत सांगितलीच पाहिजे. ते उलटं असतं. वाटाण्याच्या, पावट्याच्या फुलात मोठी पाकळी वर असते, गोकर्णानं ती खाली धरली आहे, पाट मांडावा तशी. माशी त्या पाटावर उतरते आणि आत शिरताना पराग तिच्या पाठीला लागतात. बसायची सोय, पाहुणचार आणि निघताना पाठीवर गाठोडं. फुलांवरचे ठिपके आणि रेघा म्हणजे किड्यांसाठी काढलेल्या वाटेच्या खुणा आहेत, हे पहिल्यांदा नीट सांगितलं ते श्प्रेंगेल नावाच्या एका जर्मन शाळामास्तरानं, 1793 साली. तो तासन् तास फुलांपाशी बसून राही. त्यापायी शाळेकडे दुर्लक्ष होतं अशी ओरड झाली आणि मास्तरकी गेली. मला हा गृहस्थ फार जवळचा वाटतो. आणि मधमाशीला तर आपला लाल रंग दिसतच नाही, उलट आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. म्हणजे डिझायनरनं महिनाभर खपून जमवलेल्या रंगसंगतीकडे माशी वेगळ्याच चष्म्यातून बघणार. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. "परीक्षकांच्या यादीत माशी आहे का?" खजिनदार म्हणाले. नव्हती.

जूनमध्ये लागवड झाली. माळीकाकांनी गोकर्णाचं बी रात्रभर भिजवलं, नदीच्या रेषेत टोकलं आणि जाता जाता विचारलं, "नदी आडवीच पायजे का?"

"नदी आडवीच असते, काका."

"मला काय. पन ह्यो वेल हाय."

जुलैत आमचं पठार हिरवंगार झालं. फार हिरवंगार झालं. वीस पोती शेणखत खाऊन तेरडा मांडीपर्यंत आला आणि फुलायचं विसरला. नायट्रोजन जास्त झाला की झाड पानांतच रमतं. पगार वाढला की माणूस फर्निचर करतो, तसं. हरळीनं चिऱ्यांच्या फटी ताब्यात घेतल्या, लव्हाळ्यानं बाकीचं. बटणफुलांवर पिठ्या ढेकूण आला. आणि गोकर्णानं आठवडाभर जमिनीवर चाचपडून पाहिलं, मग ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या लोखंडी जाळीचा वास लागल्यासारखी एकेक वेल तिकडे वळली. डिझायनर रोज सकाळी येऊन त्यांना सोडवून पुन्हा नदीत निजवायची. संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा उठलेल्या असत. ऑगस्ट संपेपर्यंत आमची नदी साडेसात फूट उंच झाली होती आणि वरच्या टोकाला फुलत होती.

इथे सेक्रेटरींची हॉलंडमधली मुलगी पुन्हा उपयोगी पडली. तिनं पीट औडॉल्फ या डच बागकर्त्याचं पुस्तक पाठवलं. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवरची झाडं त्याच्याच योजनेतली. मालगाडीचा बंद पडलेला उन्नत मार्ग होता, 2009 पासून त्यावर टप्प्याटप्प्यानं बाग खुली झाली. औडॉल्फचं म्हणणं असं की झाड मेल्यावरही छान दिसलं पाहिजे. वाळलेले दांडे, बोंडं, तपकिरी पानं हे सगळं बागेचंच रूप. पुस्तक सोसायटीत हातोहात फिरलं. 11 वर्षं आपण नकळत याच मार्गानं चाललो होतो, हे उमगून कित्येकांना भरून आलं. आडव्या नदीचा उभा धबधबा झाला म्हणून रडवेली झालेली डिझायनरही सावरली आणि तिनं चित्रात 'नदी' खोडून 'ऊर्ध्वगामी प्रवाह' असं लिहिलं. मलाही फलक बदलावा लागला.

फलकाच्या शेवटी मी ठळक अक्षरांत 'फुले तोडू नयेत' असं लिहिलं होतं. तो रंगवून आला तेव्हा आई गॅलरीतून पाहत होती. आईचं वय 78. ती बागेत जात नाही, पण बागेत काय होतं ते सगळं तिला ठाऊक असतं.

"तोडू नयेत म्हणजे? तोडली नाहीत तर पुढची येणार कशी?"

आई म्हणते ते शास्त्राला धरून आहे. फूल वेलीवर राहिलं की शेंग धरते, शेंग धरली की वेलीचं लक्ष बियांकडे जातं आणि बहर ओसरतो. खुडत राहिलं तर ती पुन्हा पुन्हा फुलते. मी म्हणालो, "अगं, पण ही देवासाठी नाहीत, प्रदर्शनासाठी आहेत."

"किती वेल आहेत गोकर्णाचे?"

"चाळीस."

"हं," आई म्हणाली.

या 'हं'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. आईचे हं चार प्रकारचे आहेत आणि हा त्यातला, ती मनात हिशेब मांडते तेव्हाचा होता.

संस्थेचं पत्र आलं: परीक्षण अमुक तारखेला, सकाळी 10 वाजता. तारखेचा विचार आम्ही सगळ्या बाजूंनी केला. पावसाचा अंदाज पाहिला. मुलांच्या सहामाही परीक्षा पाहिल्या. पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक पाहिलं. तेरडा एव्हाना शेणखत पचवून फुलला होता आणि शेवटच्या हप्त्याची रोपं ऐन भरात येणार होती. खजिनदारांनी बँकेच्या सुट्ट्याही पाहिल्या, का ते त्यांनाच माहीत. फक्त कालनिर्णय कुणी उघडलं नाही.

आदल्या संध्याकाळी मी गोकर्णाच्या कळ्या मोजल्या. दीडशेच्या वर होत्या. त्या पहाटे उमलतात. ट्रान्सफॉर्मरची आख्खी जाळी सकाळी निळी होणार होती. डिझायनरनं फोटोग्राफर ठरवला होता.

सकाळी साडेआठला मी खाली उतरलो तेव्हा जाळी हिरवी होती. स्वच्छ, एकसंध हिरवी. वेलींवर एकही फूल नव्हतं, कळीसुद्धा नव्हती. देठ मात्र नीट नखानं खुडलेले, वेलीला जराही इजा न करता. हे काम पोरांचं किंवा वानरांचं नव्हतं, सरावलेल्या बोटांचं होतं. समोर माझा फलक उभा होता आणि त्याच्या वरच्या कडेवर कुणाची तरी विसरलेली परडी अडकवलेली होती.

चेअरमनसाहेब संतापानं लाल झाले. "सीसीटीव्ही लावा," ते म्हणाले. वॉचमनच्या खोलीत आम्ही सहाजण दाटीवाटीनं उभे राहिलो. पहाटे 5 वाजून 40 मिनिटांपासून पुढे चित्रण पाहिलं. अंधुक उजेड, मोबाइलच्या बॅटऱ्या, आणि रांग. शिस्तबद्ध रांग! पाण्याच्या टँकरला आमच्याकडे अशी रांग लागत नाही. सगळ्या पाठमोऱ्या. कुणी स्टूल आणलं होतं, कुणी देवघरातली आकडी. एक जण खाली उभी राहून पदर पसरत होती. पडद्यावर एकेक पाठ सरकत गेली आणि खोलीतल्या सहाही जणांनी आपापल्या घरची पाठ ओळखली. दहाएक मिनिटं कुणी बोललं नाही. तेवढ्यात सहाव्या मिनिटाला दिसलेली एक पाठ, जरा वाकलेली, काठी टेकणारी, मी ओळखली नाही असं ठरवलं.

"कॅमेऱ्याची क्वालिटी काही बरी नाही," चेअरमनसाहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पडदा बंद केला.

10 वाजता परीक्षक आले. तिघे होते: एक लँडस्केप आर्किटेक्ट, संस्थेचे एक पदाधिकारी आणि वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका. आर्किटेक्टनी माझा फलक पूर्ण वाचला. असं करणारे ते पहिले आणि शेवटचे. मग चित्राकडे आणि जाळीकडे आळीपाळीनं पाहत त्यांनी विचारलं, "आणि हा जो प्रवाह म्हणताय, तो कुठे आहे?"

डिझायनरनं एक श्वास घेतला. "प्रवाह होता," ती म्हणाली. "आता नाही. बघणाऱ्यानं तो नसण्यातून अनुभवायचा आहे."

आर्किटेक्टनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. पदाधिकाऱ्यांनी सशाबद्दल चौकशी केली. चेअरमनसाहेबांनी तो स्वतः घडवल्यासारखी माहिती दिली. प्राध्यापिकाबाई मात्र जाळीपाशी गेल्या, एक वेल हातात धरली, खुडलेला देठ चष्म्याखाली नेऊन पाहिला आणि आमच्याकडे वळल्या.

"आज तिसरी माळ ना?"

आमच्यातलं कुणी बोललं नाही. त्यांनी वेल जागच्या जागी नीट ठेवली, वहीत काहीच लिहिलं नाही, आणि तेरड्याकडे जाताना नुसत्या गालात हसल्या.

निकाल अजून लागलेला नाही.

घरी आलो. देवघरात समई तेवत होती. पत्रावळीतल्या मातीत धान्याला मोड फुटले होते. घटावर पहिल्या दिवशीची पिवळी माळ कोमेजून आत गेलेली, दुसऱ्या दिवशीची पांढरी जरा सुकलेली, आणि त्यांच्यावर तिसरी, आजची, निळी. मी फुलं मोजली. 21. उलटं फूल उलटं ओवलं की सुलटं दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. क्योकेनहॉफपासून हाय लाइनपर्यंतच्या सगळ्या व्हिडिओंत मी निळ्या रंगाची एवढी देखणी रेघ पाहिली नव्हती, आणि ती अगदी नदीसारखी वळत खाली आली होती.

आई पाटावर बसून वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय म्हणाले रे परीक्षक?"

"विचारलं त्यांनी, नदी कुठे गेली म्हणून."

"मग पाठवायचं होतंस वर. प्रसाद तरी घेतला असता," आई म्हणाली. मग वात समईच्या ताटलीत ठेवून तिनं गॅलरीच्या दिशेनं पाहिलं. "उद्या चौथी माळ. तेरडा आहे ना अजून शिल्लक?"